दाजींच्या गाडीचे स्पीकर

दाजींना मोठा आवाज सोसत नसे. घरात कुणी चढ्या आवाजात बोललं, की ते एवढंच म्हणत, "हळू बोला. कान घरातच हायेत." गोरेगाव-हिंगोली रस्त्यावर त्यांनी आयुष्यभर प्रवासी जीप चालवली, पण हॉर्नवर हात क्वचितच ठेवला. अशा माणसाच्या गाडीला उतारवयात गाव 'डीजे' म्हणू लागलं.

दाजी म्हणजे माझ्या आक्काचे यजमान. जीप विकल्यावर त्यांनी घरासाठी एक जुनी कार घेतली. आक्का शेजारी बसायची आणि गाडीतल्या गाण्यांबरोबर गुणगुणायची. तिचं गुणगुणणं थांबलं, तेव्हा काहीतरी बिघडलंय हे आधी दाजींच्याच ध्यानात आलं. तिला ऐकू येईनासं झालं होतं. डॉक्टरांनी कानाची मशीन दिली, ती तिनं कपाटात ठेवून दिली. "लोक बहिरी म्हणतील," म्हणाली. कुणाला सांगायचं नाही, अशी शपथच तिनं आम्हा दोघांना घातली.

दाजींनी ती शपथ पाळली. कुणी आक्काला काही विचारलं, की तेच पुढं होऊन उत्तर देत. हा माणूस बायकोला बोलू देत नाही, असं लोकांना वाटे. दाजींनी तसं वाटू दिलं. आक्का मात्र मिटत गेली. लग्नाबारशाला जाणं तिनं सोडलं, मग गाडीत बसणंही.

एका सकाळी दाजींनी मला बोलावून घेतलं. अंगणात गाडी उभी होती आणि ओसरीवर नांदेडहून आणलेले नवे स्पीकर. "पावणं, एवढं धरा," म्हणत त्यांनी दाराचं आतलं पॅनल सोडवलं. आतला कंपनीचा स्पीकर म्हणजे पातळ कागदी पडदा, कडेला चिरलेला. नवा मोठा होता, जुन्या भोकात बसेना. दाजींनी प्लायवूडची रिंग कापली, घासली, स्क्रूनं आवळली, वायरी जोडल्या. सगळं दुपारपर्यंत चाललं.

"आता ऐकू येईल तिला," ते म्हणाले. नुसता आवाज वाढवून उपयोग नाही, हे डॉक्टरांचं बोलणं त्यांनाही माहीत होतंच.

आक्काला शेजारी बसवून त्यांनी तिच्या आवडीचं गाणं लावलं. आवाज वाढवत गेले. अंगणातल्या कोंबड्या पळाल्या. आक्कानं समोर बघत मान हलवली. "गाणं न्हाई कळत."

दाजींनी बंद करायला हात पुढं केला. आक्कानं तो धरला. तिचा दुसरा हात दारावर होता. "राहू द्या," ती म्हणाली. "ठेका कळून राहिला."

त्यानंतर ती पुन्हा बाहेर पडू लागली. सेनगावच्या बाजाराला, कळमनुरीला लेकीकडे. गाडी आली, की आधी आवाज यायचा. जीपच्या स्टँडवर एकदा कुणीतरी माझ्यासमोरच विचारलं, "दाजी, या वयात हे काहून?"

दाजी शांतपणे म्हणाले, "मला आवडतं. तुमाला तकलीफ व्हत असंल तर काच वर करतो." आणि त्यांनी काच वर केली. आवाज तेवढाच ठेवला.

गेल्या हिवाळ्यात दाजी दुपारी जेवून पडले, ते उठलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी घर माणसांनी भरलेलं होतं. एक म्हातारी आक्काच्या मागं बसून तिच्या पाठीवर हात फिरवत काहीबाही समजूत घालत होती. आक्का उत्तर देईना, तशी ती माझ्याकडं बघू लागली. दाजींसारखं तिच्या वतीनं उत्तर देणं हे आता माझं काम, असं वाटून मी पुढं झालो.

आक्कानं मला हातानंच थांबवलं. मागं वळून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "मावशी, मला ऐकू येत न्हाई. लई वर्सं झाली. माझ्या समोर येऊन बोला."

म्हातारी गुडघ्यावर हात टेकत उठली, आक्काच्या समोर येऊन बसली, आणि तिचं तोंड आपल्याकडं वळवून हळूहळू सगळं पहिल्यापासून सांगू लागली.