तुळजाचं तिसरं बाळंतपण

तुळजा गणेशपुरीकडची. बापाची थोडी भातशेती आणि घरात बहिणीच बहिणी. लग्न होऊन ती भिवंडीत, कामतघरच्या चाळीत आली, तेव्हा कापड विणणाऱ्या लूमच्या खडखडाटानं तिला कितीतरी दिवस झोप लागेना. नवरा नवशा लूमवर कामाला होता, कधी दिवसाची शिफ्ट, कधी रात्रीची. सासू राहीबाई तर घरात क्वचितच सापडायची. ती सुईण होती. चाळीत असो की पलीकडच्या मोहल्ल्यात, बाई अडली की राहीबाईला बोलावणं यायचं, आणि हातातला घास ठेवून ती उठायची.

तुळजाचा थोरला, रामू, राहीबाईच्याच हातावर आला. त्या दिवशी राहीबाई सुनेला मागून कवेत धरून बसली होती. कळ आली की कानाशी म्हणायची, "माझ्यावर रेल, पोरी." आई जवळ नाही याचं दुःख तुळजाला त्या दिवशी वाटलंच नाही.

दुसरं मूल मात्र पायाळू निघालं. आधी पाय आले आणि मान आत अडकली. राहीबाईनं होतं नव्हतं ते सगळं केलं, पण मूल बाहेर आलं ते काळंनिळं. चाळीतल्या बायका म्हणाल्या, देवाची मर्जी. राहीबाई दोन दिवस जेवली नाही. तुळजाला डोळे मिटले की त्या इवल्याशा टाचा दिसायच्या.

एकोणनव्वद साली तिला पुन्हा दिवस गेले. शेजारी बिल्किस राहायची. तिच्या नवऱ्याचे, अय्यूबचे, स्वतःचे चार लूम होते. बिल्किसची धाकटी मुलगी धामणकर नाक्याजवळच्या एका प्रसूतिगृहात झाली होती. ती तुळजाला रोज सांगायची, नाव घालून ठेव, निदान एकदा तपासून तरी ये.

तुळजानं धीर करून नवशाजवळ विषय काढला. तो तिच्यावर चिडला नाही, पण अवघडला. आय सगळ्या कामतघरची बाळंतपणं करते, आणि तिचीच सून दवाखान्यात गेली तर उद्या तिला कोण बोलावणार, असं तो हळू आवाजात म्हणाला. राहीबाई चुलीपाशी होती. तिनं मागे वळून पाहिलं नाही.

"आक्काला बी दवाखान्यातच नेलती," एवढंच ती म्हणाली.

आक्का ही राहीबाईची थोरली लेक. तिला पहिल्या खेपेला सासरच्यांनी लांबच्या मोठ्या दवाखान्यात नेलं होतं. रक्त थांबलं नाही. राहीबाईला आत जाऊ दिलं नव्हतं. ती रात्रभर व्हरांड्यात बसून राहिली आणि सकाळी तिच्यासमोर आणली ती चादरीत गुंडाळलेली आक्का. तुळजाला हे सगळं ठाऊक होतं. दोन्ही बाजूंना एकेक मढं होतं, मग वाद घालायचा तरी कसा? नाव काही घातलं गेलं नाही.

दिवस भरले. एका सकाळी पाणी भरता भरता तिची पाणमोट फुटली. नवशा ड्युटीवर होता. रामूला बिल्किसकडे धाडून राहीबाईनं दार लोटलं, हाताला तेल घेतलं आणि सुनेचं पोट चाचपलं. हात एका जागी थांबले, पुढे गेले आणि परत त्याच जागी आले. ती बराच वेळ कुशीवरून दाबून काहीतरी सरकवू पाहत होती. तुळजानं विचारलं, काय आहे. राहीबाई म्हणाली, सगळं ठीक हाय. पण म्हणताना तिनं सुनेकडे पाहिलं नाही.

दुपार झाली. कळांवर कळा येत होत्या आणि मूल काही खाली सरकत नव्हतं. पोट उभं दिसायच्या ऐवजी आडवं, पसरट दिसत होतं. एका मोठ्या कळेनंतर राहीबाई वाकली आणि तशीच राहिली. तिचा चेहरा पाहून तुळजानं स्वतःच हात खाली नेला. तिच्या बोटांना दुसरी बोटं लागली. ओली, मऊ, कोवळ्या भेंडीएवढी. आणि ती हलली.

राहीबाईनं तो हात धरला आणि ओढला. तुळजाला आतून कळलं, हे चुकतंय.

"ओढू नका, आय. मला दवाखान्यात न्या."

राहीबाई म्हणाली, "तिथं नेली तर तू माघारी न्हाय यायचीस."

"हितं ठेवलीत तर हे बी जाईल."

राहीबाई भिंतीला टेकली. मग तुळजानं तिची वाट पाहिली नाही. गुडघ्यांवर आणि हातांवर रांगत ती दारापर्यंत गेली आणि बिल्किसला हाका मारू लागली.

बिल्किस धावत आली आणि तशीच अय्यूबकडे पळाली. त्याचा टेम्पो कापडाच्या ताक्यांनी भरून उभा होता. माणसांनी अर्धे ताके रस्त्यावर उतरवले आणि तुळजाला उचलून खाली आणून उरलेल्यांवर निजवलं. बिल्किस पुढे बसली. राहीबाई वर दारातच उभी होती. अय्यूबनं टेम्पो सुरू केला तशी ती जिना उतरून पळत आली आणि मागून चढली.

धामणकर नाक्यावर ट्रक, रिक्षा, हातगाड्या सगळं एकमेकांत अडकून पडलं होतं. अय्यूब खाली उतरून हातगाड्या बाजूला ढकलत होता, लोकांना हात जोडत होता. तुळजा डोकं खाली घालून ओणवी झाली होती. मुलाचा भार खाली येऊ नये म्हणून राहीबाईनं दोन्ही हातांनी तिची कंबर उचलून धरली होती आणि तोंडानं आक्काचं नाव घेत होती. तुळजानं पुन्हा खाली हात नेला. आता बोटं हलत नव्हती.

प्रसूतिगृहातल्या डॉक्टरीणबाईंनी एकदा पाहिलं आणि ऑपरेशनची तयारी करायला सांगितलं. राहीबाईला बाहेर थांबा म्हटल्यावर तिनं दाराची चौकट धरली. नर्सनं एकेक बोट सोडवून तिला बाहेर बसवलं. निरोप मिळून नवशा लूमवरून आला तेव्हा त्याच्या केसांत, भुवयांत कापसाचे तंतू होते. कुठे सही करायची ते त्याला दिसेना, इतके त्याचे डोळे भरले होते.

मूल जगलं. मुलगी होती. पण तुळजाची गर्भाची पिशवी फाटली होती, ती काढावी लागली. आणि मुलीचा उजवा हात खांद्यापासून लुळा पडला होता.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कुणी हात ओढला होता का. राहीबाई खाटेपाशीच उभी होती. तुळजा म्हणाली, मला आठवत नाही.

मुलीचं नाव यमुना ठेवलं. राहीबाई रोज सकाळी तिला पायांवर घेऊन त्या हाताला तेल चोळायची. हळूहळू बोटं मिटू लागली, मग कोपर वाकू लागलं. खांदा मात्र उचलेना. राहीबाईनं बाळंतपणाला जाणं सोडून दिलं. बोलावणं आलं की दारातूनच सांगायची, डाक्टरकडं न्या. काही लोक चिडून जायचे, म्हणायचे, एवढी वर्षं चाललं ते आताच काय झालं.

यमुना भिंत धरून चालू लागली त्या सुमाराला एका दुपारी घरात सासूसून दोघीच होत्या. तुळजा तांदूळ निवडत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "सकाळी पोट चाचपलंत, तेव्हाच कळलं होतं ना?"

राहीबाईनं आपल्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाली, "कळलं होतं. आडवी पोरं वळवलीत म्या ह्या हातांनी. वाटलं, वळंल."

तुळजा सूप खाली ठेवून बाहेर गॅलरीत गेली आणि कठड्याला धरून उभी राहिली. खाली लूम चालूच होते. राग येईल असं तिला इतके दिवस वाटलं होतं. आता तो आला तर त्यात तेल लावलेले हात होते, टेम्पोत कंबर उचलून धरलेले हात होते आणि तो एक हिसकाही होता, आणि यातलं एक दुसऱ्यापासून तिला सोडवता येईना. अंधारून आल्यावर ती आत गेली. तिनं भात टाकला, सगळ्यांना वाढलं, राहीबाईलाही वाढलं.

दुसऱ्या सकाळी राहीबाईनं तेलाची वाटी घेतली, तेव्हा तुळजानं ती तिच्या हातातून काढून घेतली आणि यमुनाला स्वतःच्या पायांवर घेतलं. राहीबाई उंबऱ्याशी बसली आणि तुळजाचा हात कसा फिरतोय ते बघत राहिली.