पऱ्यांनी नेलेली नात

माझी सून स्कॉटलंडच्या एका बेटावरची, माहेरी गेलिक बोलणारी. मुलगा तिला घेऊन फरीदाबादला आला तेव्हा मी कपाळावर हात मारून घेतला होता. पण दिवस गेल्यावर तिने पाळण्यावर आडवा ठेवायला लोखंडी चिमटा मागितला. नाव ठेवेपर्यंत बाळाला पऱ्या पळवून नेतात, लोखंडाला तेवढ्या भितात, असं तिच्या आजीचं सांगणं. मी म्हटलं, अगं बाई, आमच्याकडे उशाखाली अडकित्ता ठेवतात! तेव्हापासून आमचं चांगलंच गूळपीठ जमलं. मुलगा म्हणायचा, "चलो, दोघी सारख्याच वेड्या."

नात दिवस भरायच्या आत झाली आणि बारशाआधीच गेली. सून आयसीयूत होती, शुद्धीवर नव्हती. ती शुद्धीवर आली तोवर आम्ही बाळाला पुरून आलो होतो.

घरी आल्यावर ती म्हणू लागली, हॉस्पिटलात बाळाजवळ लोखंड ठेवू दिलं नाही, म्हणून पऱ्यांनी तिला नेलं. तुम्ही पुरलंत ते त्यांनी बदली ठेवलेलं लाकूड. खरी मुलगी त्या परत आणून सोडतील, याच दारात. रोज संध्याकाळी दार सताड उघडं टाकून बसायची. घरभर डास. मी आपली डासांची उदबत्ती लावून तिच्या पायाशी ठेवायची.

वर्षभराने मुलाची पुण्याला बदली झाली. सामान न्यायला माणसं आली आणि ही उंबऱ्यात बसली.

"आई, ती आली आणि दाराला कुलूप असलं तर?"

मुलगा माझ्याकडे बघून म्हणाला, "तूच सांग यार, माझं ऐकत नाही." मेला, अवघड तेवढं कायम माझ्याच गळ्यात!

मी तिच्याशेजारी बसले. "बाळा, ते लाकूड नव्हतं गं. पुरण्याआधी मीच तिला आंघोळ घातली. हनुवटी तुझी, जावळ तुझ्यासारखंच तांबूस. मानेच्या घडीत पाणी राहिलं होतं, ते पदराने टिपलं." हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

ती रडली नाही. माझा हात तेवढा घट्ट धरून बसली. मग हळूच विचारलं, "पाणी गरम होतं ना, आई?"

जानेवारीतलं, हॉस्पिटलच्या नळाचं पाणी होतं ते.

"हो गं," मी म्हटलं, "छान कोमट होतं. आधी हात घालून बघितलं होतं मी."