दुर्गाघाटावरचं मान्यताप्राप्त कार्यस्थळ

नाव : कु. बकुळ नरहर पाटणकर. पद : सहायक प्रणाली अभियंता. कार्यस्थळाचा प्रकार : दूरस्थ, तात्पुरते. कार्यस्थळाचे वर्णन : दुर्गाघाट, वाराणसी येथील निवासी इमारतीतील शांत, स्वतंत्र व दार असलेली खोली. वाहनाने पोहोचण्याची सोय : नाही. जवळची ओळखीची खूण : अर्जदाराचे वडील.

शेवटचा रकाना बकुळनं थट्टेनं भरलेला नव्हता. गल्लीच्या तोंडाशी उतरलेला मराठी यजमान पानवाल्याला ‘नरहरशास्त्री’ एवढंच म्हणतो आणि दारापर्यंत आणून सोडला जातो. नरहरशास्त्री तीर्थपुरोहित. महाराष्ट्रातले यजमान त्यांच्याच घरी उतरतात, तिथंच जेवतात आणि तिथंच पूर्वजांचं श्राद्धही उरकतात. आई गेल्यापासून हा पसारा बापलेक मिळून ओढत होते. म्हणून बकुळला पुण्याच्या कंपनीची नोकरी हवी होती, पुणं नको होतं. हे तिनं वडिलांना कधी सांगितलं नाही. ते उलट म्हणत, “जा की पुण्याला. तिथं भाजीवालासुद्धा मराठी बोलतो म्हणतात.”

ऐन पितृपंधरवड्यात एके सकाळी मालविकाचा फोन आला. मालविका म्हणजे बकुळची पुण्यातली वरिष्ठ.

“बकुळ, बिल्ड सगळ्यांकडे होतोय, फक्त तुझ्याकडे अडतोय.”

“बघतेय मी. नेटचं काहीतरी आहे.”

“तेच तर. तुला तिथून काम जमतं की नाही, हे मला संध्याकाळी वर कळवायचंय. नाही जमलं तर पुढच्या महिन्यापासून इकडे ये. राहायची जागा मी बघून देते. डबासुद्धा मिळतो तिथं.”

“संध्याकाळच्या आत दुरुस्त करते,” बकुळ म्हणाली.

अडचण अशी होती. बिल्ड म्हणजे सॉफ्टवेअर जुळवून तयार करणं, आणि ते कंटेनरमध्ये होतं. कंटेनर म्हणजे संगणकाच्या पोटातली एक बंद खोली; घरात बकुळ तिला डबा म्हणे. तिला लागणारं सामान ती इंटरनेटवरून नावानं मागवते, आणि त्या नावाचा आकडी पत्ता डीएनएस नावाच्या सर्व्हरला विचारते. बकुळच्या कंटेनरला उत्तरच मिळेना. नाव सापडत नाही, एवढं म्हणून बिल्ड आडवा पडायचा. कंटेनरबाहेर, संगणकावर मात्र सगळं सुरळीत.

तिनं डॉकर, म्हणजे हे कंटेनर चालवणारं सॉफ्टवेअर, पुन्हा बसवलं. केबल तपासली, कारण इथं पहिला संशय माकडांवर घ्यायची पद्धत आहे. केबल धड होती.

“अगं, नेट तर एकदम ठीक चाललंय,” सोवळ्यातले नरहरशास्त्री दारातून म्हणाले. “आत्ता वाशिमच्या यजमानांशी व्हिडिओवर बोललो. तू फुकट परेशान होतेस.”

“तुमचं चालतंय, बाबा. माझ्या डब्याचं नाही चालत.”

“मग डब्यातून बाहेर येऊन कर.”

बकुळनं कंटेनरमधून बाहेरच्या एका सर्व्हरला नावाऐवजी आकड्यांनी हाक मारली. ओ आली. म्हणजे रस्ता उघडा होता, फक्त पत्ता सांगणारा गप्प होता. मग तो नेमका कोण, हे तिनं पाहिलं. संगणक स्वतःच्याच आतल्या एका मदतनिसाला विचारत होता, आणि तो राउटरला. बंद खोलीतून तो मदतनीस दिसत नाही. म्हणून डॉकरनं परस्पर बाहेरचा एक सार्वजनिक सर्व्हर नेमला होता. बकुळनं संगणकावरून त्याच सर्व्हरला थेट विचारून पाहिलं, तर तिथंही चिडीचूप. राउटरला विचारलं, उत्तर हजर. म्हणजे बाहेर कुणाला पत्ता विचारायला घरातच बंदी होती.

“बाबा, राउटरला कुणी हात लावलाय?”

नरहरशास्त्र्यांनी जानवं सारखं केलं. “मीच लावायला सांगितला नेटवाल्याला. परवा एक यजमान आला होता. हातात दर्भ, मांडीआड मोबाइलवर मॅच! आजोबांना तिलांजली देता देता ओरडला, ‘आउट!’ मी म्हटलं, श्राद्धाच्या घरात मॅच बंद, रीलं बंद. नेटवाल्यानं राउटरवर ते बंद केलं, पण म्हणाला, पंडितजी, ये लड़के बाहर से पूछ लेंगे. मी म्हटलं, मग बाहर का पूछना ही बंद करो.”

बकुळला हसू आलं आणि रडूही.

“आत्ता लगेच फोन करून खोलवतो,” शास्त्री म्हणाले.

“राहू दे. पंधरवडा आहे.”

तिनं डॉकरच्या सेटिंगमध्ये बाहेरच्या सर्व्हरऐवजी घरच्या राउटरचा पत्ता लिहिला, डॉकर बंद करून चालू केलं आणि बिल्ड पुन्हा लावला. पडद्यावर ओळी धावू लागल्या. शास्त्री चौकटीला टेकून उभेच होते. काय धावतंय ते कळत नव्हतं, तरी बघत राहिले.

“झालं?”

“झालं.”

“नसतं झालं तर?”

“पुण्याला जावं लागलं असतं.”

शास्त्र्यांनी हातातली पळी पंचपात्रात टाकली, काढली, पुन्हा टाकली.

“का हो? तो मराठी भाजीवाला?” बकुळनं टोचलं.

“त्याचं काय घेऊन बसलीस?” शास्त्री म्हणाले. “चल, पानं मांडायचीत. अकोल्याची मंडळी स्टेशनवर उतरली.”

मालविकानं संध्याकाळी वर कळवलं. पुढच्या आठवड्यात बकुळच्या नोंदीत दुरुस्ती झाली : कार्यस्थळाचा प्रकार, दूरस्थ, कायम, शांत, स्वतंत्र व दार असलेली खोली मान्य.

त्या खोलीत तेव्हापासून अकोल्याची मंडळी उतरली आहेत. बकुळ जिन्यात बसून काम करते.