पौषाची सबब

माझी सासुरवाडी परदेशात होती. हे वाचून कुणाला विलायत वगैरे आठवेल, तर तसं काही नाही. डिचोलीच्या पुढे चार मैलांवर एक गाव, मागे माडांची बाग, दारात तुळस आणि आमच्यापेक्षा शुद्ध मराठी बोलणारे सासरे. पण गोव्यात तेव्हा पोर्तुगीज होते, म्हणून तो परदेश. माझ्या लग्नाला सासरकडचं वऱ्हाड बोटीनं मुंबईला उतरलं, तिथून डोंबिवलीला आलं, दोन दिवस जेवलं आणि परत गेलं. कुणी कुणाला कागद विचारला नाही. पुढे वर्षभरातच दोन सरकारांचं बिनसलं आणि जायला परवाना, यायला परवाना असा प्रकार सुरू झाला.

त्याच सुमारास बायकोला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, यात वादाला जागाच नव्हती. मी ठाण्याच्या कचेरीत चार खेपा घालून तिचा परवाना आणला. सहा महिन्यांच्या आत परत यायचं, नाहीतर परवाना रद्द. आषाढात तिचा भाऊ येऊन तिला घेऊन गेला. कार्तिकात मुलगी झाली. सव्वा महिना उलटल्यावर सासऱ्यांचं पत्र आलं की बाळ-बाळंतीण खुशाल आहेत, परवान्याची मुदत संक्रांतीच्या आधी संपते, तेव्हा पौष लागला तरी हरकत नसेल तर लगेच पाठवतो. तुमच्याकडचं काय ते कळवा.

पत्र मी आईला वाचून दाखवलं. वडील गेल्यापासून घरात आई आणि मी दोघंच. तिला अक्षरओळख होती, सही करता यायची, पण पत्र वाचायला चष्मा लागायचा आणि चष्मा करू करू म्हणत राहूनच गेला होता. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "ये म्हणावं. पौषबिष काही नाही. आपल्याच घरी यायला कसला आलाय मुहूर्त? तू आजच लिही."

मी त्याच दिवशी लिहिलं. काय लिहिलं ते जवळजवळ शब्दाला शब्द आठवतं. "आमच्या आईचे म्हणणे असे की पौष हा भाकड महिना. लेकुरवाळीने पौषात वेस ओलांडू नये. माघ लागताच निघावे. मुदतीचे मी इकडे पाहून घेईन."

संध्याकाळी आईनं विचारलं, "लिहिलंस का ये म्हणून?"

"लिहिलं."

आता खरं कारण. मी कल्याणला एका सरकारी खात्यात कारकून होतो. वरच्या जागेसाठी खात्याची परीक्षा असे. तिला मी दोनदा बसलो होतो आणि दोनदा आपटलो होतो. तिसरी संधी शेवटची, आणि ती परीक्षा नेमकी पौष संपता संपता होती. डोंबिवलीला आमची एक खोली आणि स्वयंपाकघर. त्यात दोन महिन्यांचं मूल आलं की अभ्यासाचे बारा वाजणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. पण परीक्षेसाठी बायकोला थांबवतो असं सासऱ्यांना कसं लिहिणार? पौष आयताच मिळाला. आणि पौष मानणारं घरात कुणीतरी हवं, म्हणून आई.

मुदतीचं मला ठाऊक नव्हतं असं नाही. मी कारकून, तारखा हाच माझा धंदा. एक दिवस उशिरा आलेला अर्ज मी स्वतः 'मुदतबाह्य' असा शिक्का मारून परत पाठवत असे, आणि अर्ज परत मिळालेला माणूस पायऱ्यांवर बसून राहिला तरी मान वर करत नसे. पण माणूस आपल्याच बाबतीत फार उदार असतो. पंधरा-सोळा दिवसांनी काय आभाळ कोसळतंय, असं मला वाटलं.

माघाच्या दुसऱ्या दिवशी बायको भावाबरोबर आणि मुलीला घेऊन हद्दीवरच्या नाक्यापर्यंत आली. नाक्यावरच्या माणसानं परवाना वाचला आणि परत जायला सांगितलं. भावानं पौषाचं कारण सांगून पाहिलं. त्या माणसानं म्हणे हात जोडले, पण सोडलं नाही. मला तार कचेरीत मिळाली. 'नाक्यावरून परतलो. पत्र मागाहून.' मी ती घडी करून खिशात ठेवली आणि समोरचा अर्ज पुरा केला. त्या दिवशी मी आणखी नऊ अर्ज निकालात काढले. मला काहीतरी व्हायला हवं होतं. काही झालं नाही. चार दिवसांनी परीक्षेचा निकाल लागला. मी पास होतो. आईनं पेढे देवापुढे ठेवले, पण शेजारी वाटले नाहीत. ती म्हणाली, सूनबाई आली की वाटू.

मग अर्ज सुरू झाले. भारतीय नागरिकाची पत्नी या नात्यानं तिला पुन्हा आत येऊ द्यावं, असा तो अर्ज. लग्न झाल्याचा पुरावा मागितला. आमच्याकडे लग्नाला भटजी असतात, अक्षता असतात, पंगत असते, कागद कुठून असणार? लग्नपत्रिका जोडली, भटजींचा दाखला जोडला, चाळीतल्या दोन सद्गृहस्थांच्या सह्या जोडल्या. एका रकान्यात विचारलं होतं, मुदतीत परत न येण्याचं कारण काय. मी न थांबता लिहिलं की अर्जदाराच्या मातोश्री जुन्या वळणाच्या असून त्यांच्या आग्रहावरून पौष महिन्यात प्रवास टाळण्यात आला. एव्हाना ती सबब मलाही खरी वाटू लागली होती.

सरकारी काम आणि सहा महिने थांब, ही म्हण मी आजवर टेबलाच्या आतल्या बाजूनं ऐकली होती. आता बाहेरच्या बाजूला उभा होतो. सहा महिने झाले. तेवढ्यात गोव्याचं प्रकरण आणखी चिघळलं, रेल्वे थांबली, बोटी थांबल्या, पणजीतली आपली कचेरी बंद झाली. माझा अर्ज दिल्लीला गेला म्हणाले, मग मुंबईला आला म्हणाले. मी दर पंधरवड्याला रजा टाकून ठाण्याला जाई. कोर्ट नाक्यापर्यंत चालायचं, बाकावर बसायचं, "अजून काही नाही" ऐकायचं, तलावाच्या कठड्यावर बसून डबा खायचा आणि परत यायचं. त्या दिवसांबद्दल लोक मला विचारत, फार त्रास होत असेल नाही? मी हो म्हणत असे. खरं सांगायचं तर त्रास असा होत नव्हता. दाढ काढताना सुई दिल्यावर गाल आपला नसल्यासारखा वाटतो, तसा मी सगळाच झालो होतो. जेवत होतो, झोपत होतो. वरच्या जागेवर माझी नेमणूकही झाली होती.

टपाल मात्र कसंबसं चालू होतं. मुलगी बसू लागली. मुलीला दोन दात आले. मुलगी भिंत धरून उभी राहते. मी ती पत्रं आईला वाचून दाखवी. त्यात बायकोची एक ओळ हटकून असायची, "सासूबाईंच्या इच्छेप्रमाणे केले, आता देवाची इच्छा." ती ओळ मी गाळायचो. आई ऐकून म्हणायची, "माझ्याबद्दल काही लिहीत नाही का रे ती?" मी म्हणायचो, "नमस्कार लिहिलाय."

दीड वर्षानं ठाण्याच्या कचेरीत नवे साहेब आले. त्यांनी माझी फाईल पहिल्यापासून वाचली. भला माणूस होता. म्हणाले, "तुमचं कारण खरं वाटतं हो. आमच्याकडेही हेच. पण नुसत्या तुमच्या शब्दावर शिफारस करता येणार नाही. मातोश्रींना घेऊन या. त्यांचा जबाब जोडला की काम होईल."

आईला मी एवढंच सांगितलं की साहेबांना तुला भेटायचं आहे. ती हरखली. ठेवणीतलं लुगडं नेसली. ठाण्याला उतरून चालताना म्हणाली, "मी सांगते त्यांना, असल्या गुणी मुलीला कशाला अडवून ठेवलंय म्हणून." तलावाशी आल्यावर मी थांबलो. तिथे तिला सांगायचंच असं ठरवून निघालो होतो. ती म्हणाली, "दमलास का? बसू या का जरा?" मी म्हटलं, नको, उशीर होईल.

साहेबांनी तिला खुर्ची दिली. खरं सांगण्याची शपथ घ्यायला लावली. मग माझा अर्ज समोर धरून विचारलं, "आजी, सुनेनं पौषात प्रवास करू नये, माघात यावं, असा निरोप तुम्हीच दिला होतात ना?"

साहेबांना वाटलं तिला नीट ऐकू आलं नाही. त्यांनी प्रश्न पुन्हा, मोठ्यानं विचारला. आईनं माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. ती नुसती बघत होती, बाजारात ओळखीचा चेहरा दिसावा पण नाव आठवू नये तशी. मी टेबलावरच्या दौतीकडे पाहू लागलो.

"हो," आई म्हणाली. "मीच सांगितलं होतं."

"यानं विरोध केला नाही?"

"तो कशाला करील? माझ्या शब्दाबाहेर नाही तो. आम्ही जुनी माणसं साहेब, चुकलंच आमचं."

कारकुनानं जबाब लिहून टाक तिच्यापुढे केला. आई म्हणाली, "मला सही येत नाही." कारकुनानं शाईची गादी पुढे सरकवली आणि तिनं डाव्या हाताचा अंगठा उमटवला. दर महिन्याला रेशनच्या कागदावर सावकाश, एकेक अक्षर जोडून सही करणारी माझी आई. मला लाज वाटली. त्या दोन वर्षांत मला धडपणे वाटलेली ती पहिली गोष्ट.

परतीच्या वाटेवर ती माझ्यापुढे चालत होती. स्टेशन जवळ आल्यावर न वळताच म्हणाली, "ती तुझी परीक्षा पौषातच होती ना रे?"

"हो."

"पास झालास ते बरं झालं."

त्यानंतर तिनं तो विषय माझ्यापाशी कधीच काढला नाही. स्वयंपाक तसाच, डबा तसाच. फक्त पत्र आलं की वाचून दाखव म्हणेना. मुलगी खुशाल आहे एवढं कळलं की पुरे, म्हणे.

महिन्याभरात परवानगी आली. बायको हद्द ओलांडून बेळगावला आली आणि तिथून रेल्वेनं निघाली. आम्ही दोघं तिला उतरवून घ्यायला कल्याणला गेलो. ती खाली उतरली, काळवंडली होती, कडेवर पावणेदोन वर्षांची मुलगी. मुलीनं माझ्याकडे पाहून तिच्या मानेत तोंड लपवलं. बायको रीतीनं आईच्या पाया पडली. आईनं नात घ्यायला दोन्ही हात पुढे केले, तशी बायकोनं मुलीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

"आता कुठला महिना चाललाय हो, सासूबाई?" ती म्हणाली. "आम्ही आलेलं चालेल ना?"

"चालेल हो. कधीही चाललं असतं," आई म्हणाली आणि तिनं हात पदरात घेतले. मी ट्रंक उचलली आणि डोंबिवलीची गाडी कुठे लागते ते विचारायला पुढे झालो. तेव्हा बोलायला हवं होतं. नंतरही बोलायला रोज जागा होती. पाणी तापताना होती, जेवताना होती. आपल्या वाटची शिळी भाकरी आई मुकाट्यानं खायची आणि बायको तिला ताजी वाढायची नाही, तेव्हाही होती. बायको वाईट नव्हती. दोन वर्षं कुणामुळे गेली, हे तिला पक्कं माहीत होतं, इतकंच. मुलगी हळूहळू मला ओळखू लागली. आजीजवळ मात्र तिला फारसं सोडलं जात नसे.

तीन वर्षांनी आई अंथरुणाला खिळली. पायांवर सूज आली, दम लागू लागला. बायकोनं तिचं सगळं केलं, अगदी लेकीनं करावं तसं केलं, पण बोलणं कामापुरतं. एका दुपारी मी डॉक्टरांकडून औषध घेऊन आलो. बायको आईच्या पायांना तेल लावत होती. आईचा आवाज खोल गेला होता, तरी दारापर्यंत ऐकू आला.

"सूनबाई, पौषात तुला अडवलं मी. मनात ठेवू नकोस हो."

बायकोचा हात थांबला. ती पुन्हा तेल लावू लागली. मग म्हणाली, "जाऊ दे आता, आई. तुमच्या वेळच्या समजुती." आल्या दिवसापासून सासूबाई म्हणत होती, त्या दिवशी पहिल्यांदाच ती आई म्हणाली.

बायकोची पाठ माझ्याकडे होती. आई तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होती. तिनं काही खूण केली नाही, नुसती वाट बघत होती. औषधाच्या बाटलीवर लिहिलं होतं, घेण्यापूर्वी हलवावे. मी दारात उभा राहून बाटली हलवत राहिलो.