उलटासाहेबांची शेवटची खुर्ची

उलटासाहेबांना कुठेही बसायला सांगितलं की ते आधी खुर्ची उलटी करत. दवाखाना असो, बँक असो, नाहीतर कुवेतमधल्या हवल्लीतलं चहाचं दुकान असो, पंच्याहत्तरीचा हा उंच, किंचित वाकलेला इटालियन माणूस खुर्ची पालथी घाली, तिचे पाय, स्क्रू, सांधे निरखी, आणि मगच ती सरळ करून तिच्यावर बसे. एकदा व्हिसाच्या कामासाठी मी त्यांना सरकारी कार्यालयात घेऊन गेलो होतो. तिथेही अधिकाऱ्यासमोर त्यांनी हाच प्रकार केला आणि मी मेल्याहून मेल्यासारखा होऊन भिंतीवरचं कॅलेंडर वाचत राहिलो. हे टोपणनाव त्यांना आमच्या मंजऱ्यातल्या, म्हणजे सुतारकामाच्या कारखान्यातल्या, कोकणी सुतारांनी ठेवलं होतं. मी त्या मंजऱ्यात ड्रॉइंगचं काम बघायचो, आणि साहेबांचं इंग्रजी सुतारांपर्यंत पोचवायचो.

शिक्षण मिलानचं. तिशीच्या आत त्यांनी शाळा बांधल्या, कामगारांची घरं बांधली, आणि लोखंडी नळीची एक अशी खुर्ची काढली की ती इटलीतल्या कितीतरी शाळांच्या जेवणघरांत गेली. एकावर एक वीस रचता येत. नंतर रुमैथियातल्या एका व्यापाऱ्याने घर बांधायला त्यांना कुवेतला बोलावलं. सरळ भिंती, खोल खिडक्या, नक्षी कुठेही नाही. मालकीणबाईंना फाटकावर पितळेचे दोन सिंह हवे होते. दोन महिने वाद चालला, आणि सिंह काही आले नाहीत. त्या घराच्या जोरावर त्यांना इथे बरीच कामं मिळाली. त्यातलं आता बहुतेक पाडून झालंय. गाडीतून जाताना ते मध्येच बोट दाखवून म्हणत, "इथे माझं सिनेमागृह होतं." तिथे पार्किंग असे. मी काही सांत्वन करायला तोंड उघडलं की म्हणत, "चहा कुठे चांगला मिळतो?"

त्या व्यापाऱ्याच्या नातवाने घर न पाडता दुरुस्त करायचं ठरवलं आणि साहेबांना पुन्हा बोलावून घेतलं. पाहुण्यांच्या बैठकीसाठी, म्हणजे दिवाणियासाठी, बारा खुर्च्या करायच्या होत्या. जन्मभर नळी आणि प्लायवूड वापरलेल्या या माणसाने म्हातारपणी पहिल्यांदा भरीव लाकूड हातात घेतलं. "ही माझी शेवटची खुर्ची," असं ते पहिल्या दिवशीच मला म्हणाले, अगदी सहज.

तपकिरी कागद जमिनीवर अंथरून ते गुडघ्यांवर बसत आणि खुर्ची खऱ्या मापाची काढत. नमुना तयार झाला की सगळ्या सुतारांना गोळा करत आणि आपल्या मोडक्या हिंदीत सांगत, "उल्टा करो. गलती बोलो." सुतार एकमेकांकडे बघत. व्हिसा जिच्या हातात आहे त्या कंपनीच्या पाहुण्याची चूक कोण काढणार? "बहुत अच्छा साब," एवढंच ते म्हणत. त्यावर साहेब चिडत. "सब अच्छा बोलता. किसी काम का नहीं!"

त्याच सुमारास आबा, म्हणजे माझे वडील, व्हिजिट व्हिसावर महबूल्याला आमच्याकडे आले होते. आबा सुतार. कुडाळजवळच्या आमच्या गावात दारं, पाळणे, देव्हारे करण्यात त्यांचा जन्म गेला. ऑफिसात मात्र मी 'आमचा लाकडाचा व्यवसाय आहे' असं सांगून ठेवलं होतं. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर वखार उभी राहावी इतपत मोघम. आबांना मंजरा बघायचाच होता. मी आठवडाभर टाळलं. शेवटी एका सकाळी ते इस्त्रीचा सदरा घालून, कानावर पेन्सिल अडकवून दाराशी उभे राहिले. ती पेन्सिल काढा, असं मी त्यांना लिफ्टमध्ये दोनदा सांगितलं.

मंजऱ्यात नमुन्याची खुर्ची मधोमध ठेवली होती. आबांनी कुणाला न विचारता ती उचलली आणि उलटी केली. साहेबांचा चेहरा एकदम उजळला. आबांनी खालून सगळं पाहिलं, खुर्ची सरळ केली आणि वरून बैठकीत दिसणाऱ्या पायाच्या टोकावर अंगठा फिरवला. पाय बैठकीतून आरपार वर काढून त्यात पाचर ठोकलेली होती. चारी पाचरींच्या रेघा लाकडाच्या रेषांना धरून, एका दिशेला. साहेबांना ती शिस्त फार प्रिय होती.

"ही पाचर उभी कित्याक मारल्यानी?" आबा मला म्हणाले. "लाकडाच्या रेषेक आडवी होयी. लाकूड सुकला काय बैठक चिरतली. सांग तेंका."

"काय म्हणतायत?" साहेबांनी अधीर होऊन विचारलं.

सगळे सुतार ऐकत होते. त्यांना मालवणी कळत होती, साहेबांना नव्हती. मिलानमध्ये शिकलेल्या माणसाला माझा बाप, कानावरच्या पेन्सिलीसकट, पाचर कशी मारायची ते शिकवत होता. माझे कान तापले. मी म्हणालो, "फार सुंदर आहे म्हणतायत."

साहेबांनी आबांचा हात दोन्ही हातांत घेतला. आबांना वाटलं, आपलं पटलं.

खुर्च्या गेल्या. दिवाणियातला एसी आणि बाहेरचा उन्हाळा यांत तीन महिने झाले, आणि एकेक बैठक पायापासून चिरत गेली. बारापैकी नऊ. मालकाने सभ्यपणे सगळ्या परत पाठवल्या आणि दुकानातून तयार सोफे आणले. सुतारांनी काम नीट केलं नसेल, असं कंपनी म्हणू लागली तेव्हा साहेब उठून उभे राहिले. "ड्रॉइंग माझं. चूक माझी," असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. सुतार माझ्याकडे बघत होते. मी फायली लावत होतो.

नंतर मी एकटा असताना त्यांनी विचारलं, "तुझे वडील नेमकं काय म्हणाले होते?"

"सुंदर म्हणाले होते."

"सुंदर म्हणणारा माणूस तिथे अंगठा ठेवून थांबत नाही," ते म्हणाले. एवढंच. त्यांनी मला चार शिव्या हासडल्या असत्या तर मी आयुष्यभर त्यांचे उपकार मानले असते.

महिनाभरात ते इटलीला परत गेले. जाताना न चिरलेली नमुन्याची खुर्ची त्यांनी माझ्या गाडीत ठेवायला लावली. "वडिलांकडे ने. ते दुरुस्त करतील ती माझी खुर्ची."

आता ती खुर्ची मी आबांकडे कोणत्या तोंडाने नेणार होतो? कारण गावाला परतल्यावर आबांनी पहिल्याच फोनवर विचारलं होतं, "सायबान पाचर बदलल्यान काय रे?"

"बदलल्यानी, आबा."

"माझा नाव सांगलंस?"

"सांगलंय."

आबा एवढे हसले की फोनमध्ये खोकला आला. उभ्या पाचरीची ती खुर्ची त्यांनी एका नजरेत ओळखली असती. दर सुट्टीला विमानात सामान जास्त होतं, असं मी स्वतःला सांगत राहिलो. गेल्या मे महिन्यात आबा गेले. तेराव्याला जेवणाच्या पंगतीत शेजारचे काका सगळ्यांना सांगत होते, की इटलीच्या मोठ्या आर्किटेक्टने आमच्या आबांच्या शब्दावर खुर्ची बदलली, आणि आबा ही गोष्ट येईल त्याला सांगत. काकांनी माझ्याकडे बघून विचारलं, "खरा मां?" मी पानातला भात कालवत मान हलवली.

महबूल्याच्या घरात ती खुर्ची आता बाल्कनीच्या दाराशी असते. गेल्या उन्हाळ्यात पुढच्या डाव्या पायापाशी तिलाही चीर गेली. मुलगी म्हणते, "बाबा, जस्ट ग्लू इट." मी तिला त्यावर बसू देत नाही.

साहेब दर नवीन वर्षाला एका ओळीची मेल पाठवतात. यंदाही आली. "तुझ्या वडिलांनी पाचर बसवली का? मला फोटो हवा आहे, उलट्या खुर्चीचा." मी दोन दिवस ती मेल उघडून बसलो. मग उत्तर लिहिलं, की मे महिन्यात गावी जाणार आहे, तेव्हा आबांना नक्की दाखवीन.