ढिला राहिलेला नट

कासारवाडीतले आमचे मेकॅनिक फार कमी बोलायचे. डोळे मिटून इंजिनाचा आवाज ऐकायचे आणि एवढंच म्हणायचे, "बघतो." त्यांनी स्कूटरचे ब्रेक दुरुस्त करून दिले आणि दुसऱ्याच दिवशी ते लागले नाहीत. बायको पडली, तिचा हात मोडला.

मी तावातावाने गॅरेजवर गेलो. त्यांनी चाक खोलून पाहिलं. "नट माझ्याकडूनच ढिला राहिला," म्हणाले आणि तसं कागदावर लिहून सही केली. "हे ग्राहक मंचात द्या, साहेब. हक्क आहे तुमचा."

मी केस केली. सुनावणीला ते वकील न घेता आले, सगळं मान्य केलं. निकाल माझ्या बाजूने लागला.

बाहेर त्यांनी विचारलं, "वहिनींचा हात आता वळतो का?"

"वळतो," मी म्हणालो, पण त्यांच्याकडे पाहणं मला जमलं नाही.