गाठींची वंशावळ आणि मामांचा शेरा

मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो माझ्या मामांचा. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी पदवीपर्यंत पोचलं नव्हतं. बारावी झाल्यावर मामांनी मला तालुक्याच्या गावाहून पुण्यात वारज्याला आपल्या दोन खोल्यांच्या घरात आणलं आणि म्हणाले, "आता शीक." एवढंच.

मामा मॅट्रिक होऊन सरकारी कार्यालयात लागले होते. त्यांचं टेबल आवक-जावकचं. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, क्रमांक टाकायचा, योग्य माणसाकडे धाडायचा. घरीही तोच कारभार. काही हवं असेल तर तोंडी मागायचं नाही, अर्ज करायचा. माझा पहिला अर्ज कॉलेजच्या सिंहगड सहलीसाठी होता. तो लाल शाईचा शेरा घेऊन परत आला : 'कारण मोघम आहे. सविस्तर लिहावे.'

मामी पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "बरं झालं, माझं लग्न तोंडीच ठरलं. नाहीतर यांनी त्रुटी काढून मला परत पाठवलं असतं."

"अजून मुदत आहे," मामा म्हणाले.

मी पुन्हा लिहिलं. गडावर कोणत्या वनस्पती पाहायच्या, कशासाठी, सगळं. 'मंजूर' असं आलं. गावच्या शाळेत मी निबंध पाठ करून लिहीत असे. स्वतःच्या मनातलं, कारणासकट, सरळ वाक्यांत लिहायला मी त्या अर्जांमुळे शिकलो.

पुढे एम.एस्सी. होऊन मी संशोधनाला लागलो, तेव्हा पुण्यात जो तो आयटीत चालला होता. धायरीच्या शेतांत इमारती उठत होत्या. माझी मामेबहीण, म्हणजे ताई, गळ्यात कार्ड अडकवून कंपनीच्या बसने हिंजवडीला जायची. मीही दिवसभर संगणकासमोर बसतो हे कळल्यावर शेजारच्या काकूंनी मामीला विचारलं, "भाचा कुठल्या कंपनीत?"

"आतड्यांच्या," मामी म्हणाली. काकूंनी पुन्हा विचारलं नाही.

एकदा जेवताना मामांनीच विचारलं, "तू तिथं नेमकं करतोस काय?"

मी उत्साहाने सुरुवात केली, "मोठ्या आतड्यात कर्करोगाची गाठ असते ना, ती..."

"ताटावर?" मामी म्हणाली.

"लेखी दे," मामा म्हणाले.

मग मी एक पानभर टिपण लिहिलं. शरीरातली पेशी दुभंगते तेव्हा आपल्या सगळ्या मजकुराची, म्हणजे डीएनएची, नक्कल करते. नकलेत कधीतरी चूक राहते. त्या नकलेची पुन्हा नक्कल होते, जुनी चूक तशीच पुढे जाते आणि नवी भर पडते. आतड्याच्या अस्तरात अशा चुका साठत साठत आधी मांसाचा लहानसा उंचवटा येतो, त्याला पॉलिप म्हणतात. काही पॉलिपांचा बऱ्याच वर्षांनी कर्करोग होतो. आम्ही एकाच गाठीचे वेगवेगळ्या जागचे तुकडे घेतो आणि प्रत्येकातल्या चुका वाचतो. जी चूक सगळ्या तुकड्यांत सापडते ती बहुधा जुनी, जी एकाच कोपऱ्यात सापडते ती नंतरची. त्यावरून संगणक गाठीची वंशावळ मांडतो : मूळ कोण, फांद्या कोणत्या.

मामांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. "म्हणजे तुमच्या पेशी आमच्या टायपिस्टसारख्याच," असं म्हणून त्यांनी खाली शेरा मारला : 'समजले. चूक पहिल्या प्रतीतच पकडावी. फाइल करणे.' तो कागद मी प्रयोगशाळेतल्या माझ्या टेबलापाशी चिकटवला. मार्गदर्शक सर तो येणाऱ्या पाहुण्यांना वाचून दाखवत.

मामा निवृत्त झाले त्याच्या पुढच्या वर्षी एका संध्याकाळी मामीने मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि नळ सोडून हळू आवाजात सांगितलं, "यांना शौचातून रक्त जातंय. बरेच दिवस. मूळव्याध म्हणतात आणि कसलं तरी चूर्ण घेतात. मी सांगितलं म्हणू नकोस."

असलं रक्त पुष्कळदा मूळव्याधीचंच असतं, हे मला माहीत होतं. पण रोज पडद्यावर ज्या गाठींच्या फांद्या मी पाहत होतो, त्यांच्याही फाइलींत सुरुवातीला बहुतेक वेळा हेच लिहिलेलं असायचं.

मी मामांपाशी विषय काढला. दुर्बिणीची तपासणी म्हणताच ते म्हणाले, "विषय बंद."

मामेबहीण म्हणाली, "पप्पा, सिंपल प्रोसीजर असते हो. झोपेत होऊन जाते."

"झोपेत माझ्याबरोबर काय काय होतंय, ते मला जागेपणी कळायला हवं." मामा उठून गॅलरीत गेले. "आणि तोंडी विनंत्या विचारात घेतल्या जात नाहीत."

मामी माझ्याकडे बघून म्हणाली, "मग लिही की रे! आयुष्यभर सगळ्यांना लिहायला लावलंय यांनी."

मी लिहिलं, आणि हातात न देता वारज्याच्या पोस्टपेटीत टाकलं. पोस्टाने आलेल्या कागदाला क्रमांक द्यावा लागतो आणि क्रमांक दिला की उत्तर द्यावंच लागतं, हे मामांचंच वाक्य. पोस्टमनने पाकीट आणलं तेव्हा मामा बुद्धविहारातून नुकतेच आले होते. त्यांनी पत्ता पाहिला, पाठवणारा पाहिला आणि माझ्याकडे पाहिलं. "घरात राहून पोस्ट?" एवढंच बोलले. पण त्यांनी पाकीट कात्रीने नीट कापलं आणि कोपऱ्यात आवक क्रमांक टाकला.

दोन दिवसांनी ते पत्र माझ्या उशीवर परत आलं. लाल शाईत लिहिलं होतं : 'मंजूर. मात्र रिक्षाने. भाच्याच्या स्कूटरवर बसणार नाही.'

तपासणीत एक पॉलिप सापडला. तो तिथल्या तिथे काढला. अहवालात कर्करोग नव्हता, पण त्या वाटेवरची पहिली पावलं होती. डॉक्टर समजावून सांगत असताना मामांनी मध्येच विचारलं, "म्हणजे पहिल्या प्रतीतच पकडली?" डॉक्टर गोंधळून माझ्याकडे बघू लागले. मामी मात्र पदर तोंडाला लावून हसत होती आणि डोळेही पुसत होती.

मामांच्या परवानगीने ते पत्र खाली देतो.

*

प्रति,
माननीय मामा,
आवक-जावक विभाग (निवृत्त), वारजे, पुणे.

विषय : दुर्बिणीच्या तपासणीस होकार मिळणेबाबत.
संदर्भ : माझ्या टिपणावरील आपला शेरा, 'चूक पहिल्या प्रतीतच पकडावी.'

महोदय,

कारण मोघम आहे असा शेरा येऊ नये म्हणून सविस्तर लिहितो.

आपल्याला मूळव्याध असेलही. तसं निघालं तर मी आपली माफी मागेन आणि चूर्ण स्वतः आणून देईन. पण न पाहता तसं म्हणणं म्हणजे पाकीट न फोडताच कागद फाइल करणं. आपण असं कधी केलेलं मी पाहिलं नाही.

माझ्याकडे येणाऱ्या तुकड्यांवर नाव नसतं, नुसता क्रमांक असतो. माझ्या हाती नेहमी शेवटची प्रत येते आणि मी मागे मागे जात पहिली चूक शोधतो. तोवर त्या माणसासाठी उशीर झालेला असतो. मला हे काम आवडतं, पण आपल्या बाबतीत ते करायची वेळ माझ्यावर आणू नका.

मामा, मला लिहायला आपण शिकवलंत. माझा प्रबंध होईल तेव्हा त्याच्या पहिल्या प्रतीवर लाल शाईचा शेरा आपलाच हवा. दुसऱ्या कुणाचा मला चालणार नाही.

आदल्या दिवशी जुलाबाचं औषध घ्यावं लागतं. त्या दिवशी शौचालय आपल्यासाठी राखीव ठेवायला मामी व ताई तयार आहेत. मी प्रयोगशाळेत जाईन.

तरी विनंती मान्य व्हावी.

आपला आज्ञाधारक,
भाचा

सोबत : डॉक्टरांकडे घेतलेल्या वेळेची चिठ्ठी. वेळ सकाळची आहे. आपल्याला उशीर आवडत नाही.